रविवारच्या चिठ्ठ्या

बावीस वर्षं मी दर रविवारी लोकांची दुःखं मोठ्यानं वाचून दाखवली. कॅम्पातल्या आमच्या चर्चच्या दाराशी एक लाकडी पेटी आहे. ज्याला कुणाला प्रार्थना हवी असेल त्यानं चिठ्ठी लिहून पेटीत टाकायची, उपदेशाच्या आधी पंचकमिटीतल्या एकानं त्या चिठ्ठ्या वाचायच्या आणि प्रत्येक चिठ्ठीनंतर सगळ्या मंडळीनं डोळे मिटून ‘आमेन’ म्हणायचं, अशी आमची पद्धत. तो वाचणारा म्हणजे मी. शाळेत चौतीस वर्षं मराठी शिकवलं, आवाज खणखणीत, उच्चार स्वच्छ, म्हणून हे काम माझ्याकडे आलं आणि माझ्याकडेच राहिलं. ते मला आवडायचं, हेही सांगून टाकतो.

नियम एकच होता. नाव वाचायचं नाही. ‘एका भगिनीच्या गुडघ्यांसाठी’, ‘दुसऱ्यांदा बारावीला बसलेल्या एका तरुणासाठी’, असं वाचायचं. पण दीडशे माणसांच्या मंडळीत कुणाचे गुडघे दुखतात हे काय लपून राहतं? ‘एका बंधूची दारू सुटावी म्हणून’ असं मी वाचलं की डोळे मिटायच्या आधी सगळे जण एकदा चौथ्या बाकाकडे बघून घेत. तो बंधूसुद्धा इकडेतिकडे बघायचा, दुसऱ्याच कुणाबद्दल चाललंय असं दाखवत. आम्हाला यात काही गैर वाटत नसे. एका घरचं दुखणं सगळ्यांनी वाटून घ्यायचं, त्यालाच मंडळी म्हणतात, असं मी मानत आलो.

हे मी येरवड्याला शिकलो. माझे वडील तिथल्या तुरुंगात शिपाई होते. तुरुंगाच्या भिंतीपासून थोड्या अंतरावर नोकरमाणसांच्या चाळी होत्या, त्यातल्या दोन खोल्यांत आम्ही सात जण राहत होतो. आई, वडील आणि आम्ही पाच भावंडं. चाळीत ख्रिस्ती घर आमचं एकच. शेजारपाजाऱ्यांशी गूळपीठ होतं, पण पुण्याची हवा ती, टोमणा मारल्याशिवाय कुणाचा दिवस जात नसे. ‘पाच मुलं म्हणजे जरा जास्तच नाही का हो?’ असं एका बाईंनी नळावर विचारलं होतं. आईनं हंडा कमरेवर घेतला आणि म्हणाली, ‘असतील. पण तुमच्या रेशनकार्डावर एकाचंही नाव नाही ना?’ त्या बाई पुढं आयुष्यभर आईच्या मैत्रीण राहिल्या.

घरात मुलांचं कौतुक फार होतं असं नाही. कौतुकाला जागाच नव्हती. एक अंथरूण, एक कंगवा आणि एकच चांगला सदरा तिघा भावांत फिरायचा. पण आपण नको असताना आलो असं आम्हा पाचांतल्या कुणालाही कधी वाटलं नाही, आणि आज मागं वळून बघताना ही गोष्ट मला फार मोठी वाटते. वडील म्हणायचे, लेकरू आपण आणत नाही, ते पाठवलं जातं. ज्यानं पाठवलं त्याला आपण उत्तर द्यायचं. हे ते डाळभात कालवता कालवता म्हणायचे, त्यामुळे त्यात उपदेशाचा वास नसे.

दिवेलागणीला प्रार्थना व्हायची. वडील भिंतीकडे तोंड करून उभे राहत आणि एकेका मुलाचं नाव घेऊन देवाला अहवाल देत. ‘हे प्रभू, थोरल्याला आज मास्तरांनी उठाबशा काढायला लावल्या, त्याला बुद्धी दे. मधली खोटं बोलली, तिची जीभ आवर. धाकट्यानं परत अंथरूण ओलं केलं, त्याच्यावर दया कर.’ धाकटा मी. चाळीतली भिंत ती, पलीकडच्या बिऱ्हाडात सगळं ऐकू जाई आणि सकाळी शाळेच्या वाटेवर तिथली पोरं ‘दया कर, दया कर’ म्हणत माझ्या मागं लागत. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पुढं मोठा झाल्यावर मला फक्त वडिलांचा आवाज आठवत राहिला, आमची नावं घेताना तो जरा ओला व्हायचा तो. लाज मात्र मी सोयीस्करपणे विसरलो.

रविवारी सातही जण चालत निघायचे. बंडगार्डनचा पूल ओलांडून कॅम्पात यायचं. आई चर्चला देऊळच म्हणायची. पुलावर वारा सुटला की बहिणींच्या रिबिनी उडत आणि आई एका हातानं पदर, दुसऱ्या हातानं माझी मान धरून चालायची. त्या वेळची नदीही आजच्यापेक्षा बरी होती, पण ते सगळेच म्हणतात.

माझं लग्न झालं आणि नऊ वर्षं आम्हाला मूल झालं नाही. तेव्हा चिठ्ठ्या वाचायला दुसरे एक वयस्कर बंधू होते. आमच्या आईनं पेटीत चिठ्ठी टाकायची आणि त्यांनी थरथरत्या आवाजात वाचायचं, ‘एका शिक्षक बंधूच्या घरी पाळणा हलावा म्हणून.’ मंडळीत शिक्षक बंधू तिघे, त्यातल्या दोघांच्या घरी पाळणे हलून हलून मोडायला आलेले. म्हणजे कोण ते उघड होतं. मी मान खाली घालून मोठ्यानं आमेन म्हणायचो. एवढी माणसं आपल्यासाठी मागतायत, या विचारानं मला धीर यायचा.

आणि मग आमची मुलगी झाली. आईनं तिला पहिल्यांदा मांडीवर घेतलं तेव्हा ती रडली नाही की हसली नाही, नुसती तिच्या पायाची बोटं मोजत बसली. बाप्तिस्म्याच्या दिवशी पाळकसाहेबांनी पाणी लावल्यावर मंडळीकडे वळून विचारलं, या लेकराला प्रभूच्या मार्गात वाढवण्याची जबाबदारी तुम्ही सगळे घेता का? सगळी मंडळी उभी राहिली, बाक करकरले, आणि सगळे एका आवाजात ‘होय’ म्हणाले. हा प्रश्न प्रत्येक बाप्तिस्म्याला विचारतात. शेकडो वेळा मीही बाकावरून उठून होय म्हटलं होतं, बहुधा घड्याळाकडे बघत. त्या दिवशी मात्र तो होय अंगावर आला. ही पोर आपल्या एकट्याची नाही, हिला दीडशे आईबाप आहेत, असं वाटून मला भर चर्चमध्ये रडू फुटलं.

माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली वर्षं त्यानंतरची. तेव्हा आम्ही कर्वेनगरात राहायला आलो होतो. नाताळाच्या आधी नानकटाईचं पीठ घरी मळायचं, पत्र्याच्या डब्यात भरायचं आणि कॅम्पातल्या बेकरीत भाजायला न्यायचं. स्कूटरवर पुढं लेक उभी, मागं बायको डबे सांभाळत. बेकरीत आमच्यासारख्यांची रांग लागलेली असे, प्रत्येकाच्या ट्रेवर ओळखीची खूण. आमची खूण लेक करायची, प्रत्येक नानकटाईवर बोटानं एक खळगा. भट्टीतून ट्रे बाहेर आला की ती सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं ओरडायची, ‘पप्पा, आपली फुगली!’ संडे स्कूलच्या कार्यक्रमात एकदा तिला एकच वचन म्हणायचं होतं. स्टेजवर गेली, तोंड उघडलं आणि सगळं विसरली. मग शांतपणे म्हणाली, ‘माझ्या पप्पांना येतं, त्यांना विचारा.’ सगळं चर्च हसलं. मी पहिल्या बाकावरून उठून वचन म्हणून टाकलं. त्या दिवशी मला वाटलं होतं, बाप म्हणजे काय, हेच.

ती इंजिनियर झाली, हिंजवडीत नोकरीला लागली, लग्न झालं. जावई नगरकडचा, त्याच कंपनीतला, कमी बोलणारा आणि भांडी घासणारा. दोघं हिंजवडीतच चौदाव्या मजल्यावर राहतात. एक रविवार आड आमच्या चर्चला यायची, तिसऱ्या बाकावर बसायची, मग कर्वेनगरला जेवायला. एक वर्ष गेलं, तीन गेली, सहा गेली. मी विचारलं नाही. म्हणजे तोंडानं विचारलं नाही. कुणाच्या बाळाचा बाप्तिस्मा असला की मी उपासनेनंतर तिच्याकडे बघून उगाच म्हणायचो, ‘किती गोड होतं नाही?’ ती म्हणायची, ‘हो पप्पा,’ आणि मोबाइल काढायची. आजकालच्या मुलांना करियरच्या पुढं काही दिसत नाही, असा निष्कर्ष मी काढून ठेवला होता. निष्कर्ष काढायला मास्तरांना वेळ लागत नाही.

मग कुटुंब रविवार आला. वर्षातून एकदा आम्ही तो पाळतो, सगळी घरं एकत्र बसतात, मुलं गाणी म्हणतात. पाळकसाहेबांनी मला दहा मिनिटं बोलायला सांगितलं. विषय, लेकरांचं मोल. मी दोन आठवडे तयारी केली. माझं बोलणं चांगलं झालं, हे आजही नाकारत नाही. लेकरं म्हणजे देवाचं देणं, ती आपल्या मालकीची नसतात, आपण राखणदार. एका लेकराला दारातून आत घेणं म्हणजे साक्षात प्रभूलाच आत घेणं, असं सगळं मी सांगितलं. येरवड्याची खोली सांगितली, पूल सांगितला. बायका डोळे पुसत होत्या. आणि रंगात येऊन मी म्हणालो, ‘लेकरांशिवाय घर म्हणजे नुसत्या भिंती.’ सगळ्यांनी माना डोलावल्या.

लगेच चिठ्ठ्या वाचायच्या होत्या. त्या दिवशी पेटीत पाच चिठ्ठ्या होत्या. सहावी माझ्या खिशात होती. ती मी सकाळीच लिहिली होती, टाकू की नको करत ठेवून दिली होती. भाषण रंगलं नसतं तर खिशातच राहिली असती. पाच वाचून झाल्या आणि मी ती काढली. ‘हिंजवडीत नोकरी करणाऱ्या एका दांपत्यासाठी, लग्नाला सहा वर्षं झाली, प्रभूनं त्यांची ओटी भरावी म्हणून.’ नाव घेतलं नाही. नियम पाळला! पण ‘ओटी’ म्हणताना माझा आवाज चिरकला. बावीस वर्षांत तो कधी चिरकला नव्हता. दीडशे माणसांनी डोळे मिटायच्या आधी तिसऱ्या बाकाकडे बघितलं.

त्या दिवसाइतकं मोठं आमेन आमच्या चर्चमध्ये मी ऐकलेलं नाही. खिडकीच्या काचा वाजल्या. मला कृतकृत्य वाटलं. डोळे उघडून बघितलं तेव्हा जावई पायातल्या बुटांकडे बघत होता. लेक माझ्याकडे बघत होती, सरळ, आणि तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. उपासना सुटल्यावर फाटकाशी चर्चच्या मातृसंघातल्या एक आजीबाई तिच्याजवळ गेल्या, तिच्या पोटावर हात ठेवला आणि तिथंच मोठ्यानं प्रार्थना करू लागल्या. येणारेजाणारे थांबले, टोप्या काढल्या. लेक ती संपेपर्यंत उभी राहिली, ‘थँक्यू आजी’ म्हणाली आणि गाडीत जाऊन बसली. जेवायला दोघं कर्वेनगरला आली नाहीत. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. आमच्यासारख्यानं ही म्हण वापरावी की नाही हा प्रश्न आहे, पण जन्म पुण्यातला, दुसरी सुचत नाही.

दुपारी चार वाजता मोबाइलवर तिचा मेसेज आला. ‘पप्पा, तुम्ही माझ्यासाठी मागितलं नाही. तुम्ही माझी तक्रार केलीत.’

मी चिडलो. खरं सांगतो, आधी चिडलोच. बायको स्वयंपाकघरात मटार सोलत होती, तिच्यासमोर मोबाइल नाचवला. ‘वाच. बापानं लेकीसाठी प्रार्थना केली, हा गुन्हा झाला! नाव घेतलं का मी? आपल्यासाठी नऊ वर्षं चिठ्ठ्या वाचल्या लोकांनी, आपण कधी असं बोललो?’

बायको मटार सोलत राहिली. मग म्हणाली, ‘तुम्ही नाही बोललात.’

‘म्हणजे?’

‘त्या नऊ वर्षांत तुम्ही मान खाली घालून आमेन म्हणायचात. मी पुढच्या बाकाच्या फळीतले खिळे मोजायचे. अकरा आहेत. अजून तिथंच आहेत.’

 चाळीस वर्षं तिच्याबरोबर एका बाकावर बसलो आणि हे मला ठाऊक नव्हतं. ती हात पुसत माझ्याकडे वळली आणि म्हणाली, ‘आणि अहो, आता ऐकाच. दोन गेलीत तिची. एक तिसऱ्या महिन्यात. एक पाचव्या.’

मी खुर्चीवर बसलो.  कधी, असं विचारलं. पहिलं तीन वर्षांपूर्वी, दुसरं गेल्या वर्षी उन्हाळ्यात. तेव्हा बायको चार दिवस हिंजवडीला जाऊन राहिली होती. लेकीला टायफॉइड झालाय असं मला सांगितलं होतं, आणि मी टायफॉइडसाठी चिठ्ठी वाचली होती.

‘मला का नाही सांगितलं?’

‘तिनंच सांगू नका म्हटलं. सांगितलं असतं तर पुढच्या रविवारी तुम्ही वाचलं असतंत.’

ते खरं होतं. मी नक्की वाचलं असतं. ‘एका भगिनीच्या उदरी आलेलं फळ प्रभूनं परत घेतलं, तिच्या सांत्वनासाठी,’ असं छान वाक्यही मनात तयार झालं, त्याच क्षणी, खुर्चीवर बसल्या बसल्या. मला माझीच किळस आली.

चार महिने लेक चर्चला आली नाही. तिच्या आईशी फोनवर बोलायची, माझ्याशी ‘तब्येत सांभाळा’ एवढंच. चिठ्ठ्या वाचायचं काम मी सोडलं. पाळकसाहेबांना घशाचं कारण सांगितलं. आता एक तरुण मुलगी वाचते, भराभर आणि सपाट आवाजात, आणि ते बरं आहे. मी बाकावर बसून खिळे मोजले. अकरा आहेत.

शेवटी एका बुधवारी बायको म्हणाली, ‘आज ती घरून काम करतेय. जा. एकटे जा. आणि खिशात पेन नेऊ नका.’

कर्वेनगरहून हिंजवडीला बसनं जायचं म्हणजे अर्धा दिवस. वाकडच्या पुलाशी बस अडकली ती अडकलीच. कंपन्यांच्या पांढऱ्या बसगाड्या आमच्या दोन्ही बाजूंना, सगळ्यांत तिशीतली पोरं कानात बोंडं घालून डोळे मिटलेली. माझी लेकही रोज अशीच कंपनीत जाते. पहिल्या वेळी दुखायला लागलं तेव्हाही ती अशाच एका बसमध्ये होती, असं बायकोनं सांगितलं होतं. तिथं अडकून पडलो असताना मला माझंच भाषण आठवलं. लेकरांचं मोल सांगायला मी उभा राहिलो होतो, आणि ज्याच्या नावानं आम्ही जमतो त्याला स्वतःचं एकही लेकरू नव्हतं. लोकांची लेकरं तो मांडीवर घ्यायचा. त्याच्या घराला काय मी नुसत्या भिंती म्हणणार होतो? दोन आठवडे तयारी करून हे मला सुचलं नव्हतं, आणि वाकडच्या पुलाशी सुचलं. लेकरू पाठवलं जातं, हे वडिलांचं म्हणणं मी अजूनही खरं मानतो. पण कुणाच्या दारी पाठवलं नाही याचा जाब पाठवणाऱ्याला विचारावा, दारात उभ्या असलेल्या माणसाला नव्हे.

दार जावयानं उघडलं. ‘सलाम पप्पा,’ म्हणाला. पाणी दिलं, ती मीटिंगमध्ये आहे म्हणाला, आणि दहा मिनिटांनी ती बाहेर आल्यावर ‘दूध आणतो’ म्हणून खाली गेला. फ्रिजमध्ये दूध होतं, मला दिसलं होतं. शहाणा मुलगा आहे.

लेक समोर बसली. वाळली होती. मी म्हणालो, ‘चिठ्ठी आणलेली नाही.’ विनोद करायला गेलो होतो. ती हसली नाही.

मग मी म्हणालो, ‘चुकलो मी.’ आणखी पुष्कळ ठरवून आलो होतो, बसमध्ये पाठही केलं होतं, पण त्याच्यापुढं एक शब्द आठवेना.

‘पप्पा, मला त्या चिठ्ठीचं एवढं नाही,’ ती म्हणाली. ‘म्हणजे आहे. पण त्याच्या आधी तुम्ही भाषणात म्हणालात ना, लेकरांशिवाय घर म्हणजे भिंती. मी तिथं बसले होते. मला वाटलं, ओके, म्हणजे आमचं जे आहे ते काहीच नाही. आणि जी झाली होती तीही काहीच नाही. ती मोजायचीच नाहीत.’

तेव्हा मला आईची एक गोष्ट आठवली. पन्नाससाठ वर्षांत कुणाला सांगितली नव्हती. मी लेकीला सांगितली. मी दहा वर्षांचा असेन. शिरगणतीचा माणूस आमच्या खोलीच्या दारात आला, वही उघडून आईला विचारलं, मुलं किती? आई म्हणाली, सात. आम्ही पाच जण तिथंच उभे. वडील आतून म्हणाले, ‘अगं, पाच.’ आई म्हणाली, ‘सात. पाच इथं आहेत, दोन प्रभूजवळ आहेत.’ तो माणूस म्हणाला, ‘बाई, हयात किती तेवढं सांगा.’ आई म्हणाली, ‘मी सांगितलं. तुमच्या वहीत मावत नसतील तर तो वहीचा दोष.’ त्यानं पाच लिहिलं आणि गेला. चाळीतली पोरं हसली. मला इतकी लाज वाटली की मी दोन दिवस आईशी बोललो नाही. आपल्या आईला साधं मोजता येत नाही असं मला वाटलं होतं.

लेक ऐकत राहिली. तिच्या लॅपटॉपवर कुणाचा तरी फोन येत होता, तिनं तो बंद केला. ‘आजीनं मला कधी सांगितलं नाही हे,’ ती म्हणाली.

‘मला पण पुन्हा नाही सांगितलं. मी विचारलंच नाही कधी.’

ती पायातल्या चपलेनं फरशीवर रेघ ओढत बसली. मग म्हणाली, ‘माझी दोन, पप्पा.’

‘हो,’ मी म्हणालो. ‘माझी नातवंडं.’

तेव्हा ती रडली. लहानपणी रडायची तशी, तोंड वाकडं करून, नाक पुसत. मी उठून तिच्याजवळ बसलो. सवयीनं ‘हे प्रभू’ तोंडात आलं होतं, ते गिळलं. ती मग सांगत गेली. बस, हॉस्पिटल, तिथली नर्स, दुसऱ्या वेळी काय झालं ते. डॉक्टर पुन्हा प्रयत्न करा म्हणतात, तिचं मन होत नाही, पुढं होईल की नाही तिला माहीत नाही. मी एकदाही मध्ये बोललो नाही. जावई दूध घेऊन आला, आम्हाला बघितलं आणि पुन्हा खाली गेला.

निघताना ती लिफ्टपर्यंत आली. लिफ्ट खालून वर यायला वेळ लागत होता. ती म्हणाली, ‘दुसरी मुलगी होती. आम्ही नाव ठेवलं होतं.’ आणि माझ्या कानाशी येऊन तिनं मला ते नाव सांगितलं.

घरी पोचलो तेव्हा बायको दारातच होती. कशी आहे, विचारलं. बरी आहे म्हणालो. मग म्हणाली, ‘नाव सांगितलं का तुम्हाला?’

‘सांगितलं.’

मी ते उच्चारतो का, म्हणून ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी उच्चारलं नाही. इथंही लिहिणार नाही. कितीतरी वर्षांनी माझ्या लेकीनं मला काहीतरी सांगितलं होतं, आणि ते मला माझ्याजवळ ठेवायचं होतं.